लाफायेत की प्रँताँ?

सांगलीत आर्किटेक्चर शिकणाऱ्या माझ्या भाचीला प्रोजेक्टसाठी पॅरिसचं एकच जुनं डिपार्टमेंट स्टोअर निवडायचंय. गॅलरी लाफायेत की प्रँताँ, यावर तिचं काही ठरेना.

इतिहासात प्रँताँ सरस. स्थापना १८६५ ची, १८८१ च्या आगीनंतर नवी इमारत, १९२१ मध्ये पुन्हा आग. १९२३ चा काचघुमट तर बाँबहल्ल्याच्या भीतीनं १९३९ मध्ये सुटा करून उतरवला. १९७३ मध्ये तो पुन्हा बसवला, तोही मूळ रचनाकाराच्या नातवानं, घराण्याच्या कार्यशाळेत जपलेल्या नकाशांवरून! लाफायेत १८९० च्या दशकातलं, त्याची गोष्ट त्यामानानं साधी.

वास्तू म्हणून मात्र मी लाफायेतच्या बाजूनं. आपल्या गणपती पेठेतल्या खोल दुकानांत भरदुपारीही मागच्या बाजूला दिवा लावावा लागतो. लाफायेतचा वास्तुकार फर्दिनां शानू, त्यानं १९१२ मध्ये नेमकं तेच सोडवलं: मधोमध मोकळा चौक, भोवती सज्जे, वर ४३ मीटरवर रंगीत काचेचा घुमट. उजेड थेट खालच्या काउंटरपर्यंत. तिथला भव्य जिना १९७४ मध्ये काढून टाकला, ते फार वाईट झालं.

मेहनत लाफायेतला कमी, सगळं एका चौकाभोवती आहे.

जतन-दुरुस्तीवर लिहायचं असेल तर प्रँताँ घे. उजेड आणि सेक्शन ड्रॉइंग (इमारत उभी कापली तर आतलं कसं दिसेल, त्याचं चित्र) हा विषय असेल, मुदतही कमी असेल, तर लाफायेत.