झऱ्याकाठच्या जंगलांसाठी ८×४२ दुर्बीण : दोन वर्षं वापरून झाल्यावर

दोन वर्षं झाली ही दुर्बीण घेऊन, आता लिहायला हरकत नाही. वस्तू हातात आल्या आल्या लिहिलेले रिव्ह्यू वाचूनच मी पहिल्या वेळी फसले होते, म्हणून इतके दिवस थांबले. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मला जे सांगायचंय ते मापाबद्दल आहे, आणि ह्या मापाच्या चांगल्या दुर्बिणी बऱ्याच कंपन्या बनवतात. माझी ८×४२ आहे, रूफ प्रिझमची म्हणजे सरळ नळ्यांची, वजन साधारण ६७० ग्रॅम. आणि मी ती जवळजवळ एकाच प्रकारच्या ठिकाणी वापरलीये, जिथं राखलेलं जंगल आहे, चालायला आखलेल्या पायवाटा आहेत आणि मध्ये कुठंतरी जिवंत झरा आहे. मला अशी ठिकाणं मनापासून आवडतात, सुट्टी मिळाली की मी तिकडेच.

पहिली दुर्बीण घेतली तेव्हा डोक्यात एकच होतं, जितकं मोठं दिसेल तितकं चांगलं. त्यामुळे २० पटीच्या पुढं जाणारी झूमवाली घेतली. डोळ्याला लावली की समोरचं चित्र नुसतं थरथरायचं, कारण दुर्बीण जितक्या पटीनं मोठं दाखवते तितक्याच पटीनं आपल्या हाताचा कंपही मोठा करते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. वर झाडाखाली गेलं की चित्र काळपट. एक पूर्ण सकाळ मी झऱ्याजवळ उभी राहून एकही पक्षी नीट बघू शकले नाही, शेवटी ती बॅगेत टाकली आणि नुसत्या डोळ्यांनी बघितलं, तेच जास्त बरं होतं.

आता आकड्यांचं सांगते, कारण सगळा घोळ तिथंच होतो. ८ म्हणजे आठ पट मोठं आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ नं भागलं की ५.२५ येतात, म्हणजे मागच्या बाजूनं सव्वापाच मिलिमीटर जाडीचा उजेडाचा झोत आपल्या डोळ्यात येतो. दुर्बीण हातभर लांब धरून खिडकीकडं बघा, आयपीसमध्ये, म्हणजे डोळ्याला लावतो त्या भिंगात, एक उजळ गोल ठिपका दिसेल, तोच तो. खिशात मावणाऱ्या ८×२५ मध्ये हाच ठिपका जेमतेम ३ मिलिमीटरचा असतो. भर उन्हात फरक कळतच नाही कारण आपल्या डोळ्याची बाहुलीच तेव्हा बारीक झालेली असते. पण झरा असतो कुठं? दाट सावलीत, कपारीत, मोठमोठ्या झाडांच्या खाली. आणि जनावरं येतात कधी? उजाडताना आणि मावळताना. तेव्हा बाहुली मोठी होते, तिला जास्त उजेड हवा असतो आणि लहान भिंगाकडं तो नसतो. सगळ्यात मोठा फरक मला इथंच जाणवला, सूर्य बुडल्यानंतरही वीस-पंचवीस मिनिटं काठावरचं नीट दिसत राहतं.

मग १०×४२ का नाही, असं मला बरेच जण विचारतात. घ्या, वाईट नाहीये, मोकळ्या मैदानावर किंवा समुद्रकिनाऱ्यावर फिरणार असाल तर तीच घ्या. पण झऱ्याच्या जागी तुम्ही लांबचं बघतच नसता, समोर वीस-तीस मीटरवर झाडोरा असतो, त्याच्या पलीकडं दिसतच नाही, आणि जे काही दिसतं ते अचानक आणि जवळ. अशा वेळी चित्र किती रुंद आहे ते महत्त्वाचं. माझ्या दुर्बिणीतून १००० मीटरवर १४२ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, १० पटीच्या बऱ्याच दुर्बिणींत तो ११०-११५ च्या आसपास असतो. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण खंड्या फांदीवरून सुटला, पाण्यात सूर मारला, परत दुसऱ्याच फांदीवर जाऊन बसला, एवढं सगळं दोन-तीन सेकंदांत होतं आणि रुंद चित्रात तो सापडतो, अरुंद चित्रात नुसती पानं फिरत राहतात. एक सवय मात्र लावून घ्यावी लागते, नजर पक्ष्यावरून हलवायची नाही आणि दुर्बीण तशीच डोळ्यांपर्यंत आणायची. खाली दुर्बिणीकडं बघितलं की पक्षी हरवलाच समजा. मला जमायला दोन-तीन ट्रिपा लागल्या.

आणि झऱ्याचीच जागा का, हेही सांगायला हवं, कारण दुर्बिणीचा खरा उपयोग तिथंच होतो असं माझं मत झालंय. झऱ्याचं पाणी जमिनीखालून येतं त्यामुळे त्याचं तापमान वर्षभर फारसं हलत नाही, थंडीत ते बाहेरच्या हवेपेक्षा कोमट असतं आणि उन्हाळ्यात गार. बाकीचे ओढे आटले तरी चांगला झरा वाहत राहतो. म्हणून आजूबाजूची सगळी जनावरं-पाखरं तिथं येतात. फ्लोरिडातल्या ब्लू स्प्रिंग पार्कमध्ये पाणी बाराही महिने साधारण २२ अंश सेल्सिअस असतं, आणि हिवाळ्यात शेजारची नदी गार पडली की मॅनाटी, म्हणजे पाण्यातच राहणारे मोठे सस्तन प्राणी, शेकड्यांनी त्या झऱ्यात येऊन राहतात, त्यांना थंड पाणी सोसतच नाही. केनियात त्सावो वेस्टमधल्या म्झिमा झऱ्यांवर पाणघोडे असतात, तिथलं पाणी चुलू टेकड्यांच्या लाव्हाच्या खडकातून झिरपून येतं म्हणून इतकं नितळ, की पाण्याखालून बघायला एक छोटी खोलीच बांधलीये. सांगायचा मुद्दा हा की अशा जागी तुम्ही जनावरांच्या मागं फिरायचं नसतं, ती येतात. तुम्ही एका जागी बसायचं, गप्प, अर्धा-पाऊण तास. लोक नकाशात बघून तीन ट्रेल एका दिवसात उरकतात, पाय दुखतात आणि घरी जाऊन म्हणतात काही दिसलं नाही. मीही सुरुवातीला तेच करायचे.

आता ज्या गोष्टीनं माझा जीव ह्या दुर्बिणीवर जडला ती सांगते. हिचा जवळचा फोकस २ मीटर आहे. माझ्या जुन्या दुर्बिणीला पाच मीटरच्या आतलं दिसायचंच नाही. एका झऱ्यावर लाकडी पुलाच्या कडेला बसले होते, खाली पाणी संथ, पाणवनस्पतीचं एक देठ वर आलेलं आणि त्यावर टाचण्यांची जोडी. चतुरापेक्षा नाजूक असतात त्या, पंख मिटून बसतात. फोकसचं चाक पूर्ण फिरवलं आणि एकदम सगळं समोर आलं. नरानं शेपटीच्या टोकानं मादीला मानेमागं धरून ठेवलेलं, तो जवळजवळ उभाच, आणि ती पोट वाकवून पाण्याखालच्या देठात अंडी घालत होती. दर वेळी थोडं खाली सरकायची, पोटाचं टोक देठावर चाचपायची, थांबायची, मग परत थोडं खाली. तिच्या पंखांवरच्या शिरा मोजता आल्या असत्या, डोळे अगदी निळे. दहा-बारा मिनिटं मी हललेच नाही. खाली वाकून हात लांब करून फोटो घेतला असता तर ती दोन सेकंदांत उडाली असती.

पाण्याच्या आतलंही दिसतं बरं का, फक्त पोलराइज्ड गॉगल घालून. पाण्यावरची चकाकी ही गॉगलची काच बरीचशी कापते, विशेषतः पृष्ठभागाकडं तिरकं बघताना, अगदी सरळ खाली बघितलं तर फार उपयोग नाही. गॉगल घालून वरून दुर्बीण लावायची. असंच एकदा झऱ्याच्या तळाशी बघितलं तर वाळू उकळल्यासारखी दिसत होती. म्हणजे पाणी गरम नव्हतं, खालून जोरानं पाणी वर येतं त्यामुळे वाळूचे कण उचलले जातात, नाचतात, कडेला पडतात आणि घरंगळत परत मध्ये येतात. नुसत्या डोळ्यांना तिथं फक्त एक फिकट डाग दिसत होता. झरा फुटतो म्हणजे नेमकं काय होतं ते मला त्या दिवशी कळलं.

वॉटरप्रूफ आहे का, तर आहे, आणि त्याची परीक्षा मी न ठरवता घेतली. गेल्या पावसाळ्यात दगडावरून पाय घसरला आणि दुर्बीण गळ्यातच होती ती माझ्यासकट कमरेपर्यंतच्या पाण्यात. आत एक थेंब गेला नाही. आत नायट्रोजन भरलेला असतो आणि सील केलेली असते, त्यामुळे आतल्या काचांवर वाफ धरत नाही. पण हे फक्त आतलं. बाहेरच्या काचेवर दव धरणारच, एसी गाडीतून उतरून दमट जंगलात गेलात की पहिली दहा मिनिटं धुकं. यावर उपाय एकच, पोचायच्या थोडं आधी एसी बंद करा आणि दुर्बीण बॅगेबाहेर काढून ठेवा. गरम पाण्याच्या झऱ्यांजवळ जरा जास्त काळजी घ्या, तिथल्या तुषारांत सिलिका असते, ती काचेवर वाळली की डाग निघता निघत नाही, म्हणून ओलं असतानाच स्वच्छ पाण्यानं धुवून टाका. आणि काच शर्टाच्या टोकानं पुसू नका हो! आधी फुंकर किंवा ब्लोअरनं धूळ उडवा, मग मऊ ब्रश, मग मायक्रोफायबरचं कापड. धुळीसकट पुसलं की वरचं कोटिंग ओरखडतं.

एक गोष्ट मला फार मनापासून सांगायचीये. अमेरिकेतल्या यलोस्टोन पार्कमध्ये नियम आहे, बायसन (तिथले रानगवे) आणि एल्क (मोठी हरणं) यांच्यापासून निदान २३ मीटर आणि अस्वल-लांडग्यांपासून निदान ९१ मीटर लांब राहायचं. बाकीच्या पार्कांत आकडे वेगळे असतील पण कारण तेच. मी स्वतः बघितलंय, पाण्यावर हरणी आणि पाडस आलेलं, एक माणूस मोबाईल पुढं धरून पावलापावलानं जवळ जात राहिला. हरणी मान वर करून बघत राहिली, पाणी न पिताच निघून गेली, पाडस तिच्या मागं. त्या दिवशी उन्हाळा कडक होता. ती परत कधी आली, आली का, माहीत नाही. ८ पटीच्या दुर्बिणीतून ४० मीटरवरची हरणी ५ मीटरवर असल्यासारखी दिसते, तिच्या नाकावरचा ओलावा दिसतो, आणि तिला आपला पत्ताही नसतो. एवढं मिळत असताना जवळ जायचंच कशाला.

चष्मा असेल तर आय रिलीफ हा आकडा बघूनच घ्या. डोळा आयपीसपासून जास्तीत जास्त किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं, ते हे माप. चष्मेवाल्यांना निदान १५ मिलिमीटर हवं, माझ्या दुर्बिणीत १७ आहे. आयकप, म्हणजे आयपीसभोवतीच्या वर-खाली होणाऱ्या कडा, खाली फिरवून ठेवायचे. हे मला आईमुळे कळलं. तिला आधी काहीतरी काळं काळंच दिसत होतं, म्हणाली, "राहू दे गं, माझ्या डोळ्यांचं काही खरं नाही." मग आयकप खाली केले, आणि डायॉप्टरही, म्हणजे दोन डोळ्यांतला फरक जुळवायची सोय, तिच्या डोळ्यांना लावून दिला. ते सोपं आहे, उजवीकडचं पुढचं भिंग हातानं झाकायचं, डाव्या डोळ्यानं मधल्या चाकानं फोकस करायचा, मग डावं झाकून उजव्या आयपीसवरची रिंग फिरवायची, मधल्या चाकाला हात लावायचा नाही. बरेच लोक हे करतच नाहीत आणि डोकं दुखतं म्हणून दुर्बीण कपाटात टाकतात. आईनं परत लावली आणि गप्पच झाली. समोरच्या दगडावर पाणमांजर येऊन बसलं होतं, मासा दोन्ही पंजांत धरून डोक्याकडून खात होतं. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "अगं, त्याच्या मिश्यांवरून पाणी गळतंय."

तक्रारीही आहेत. सोबत आलेला पट्टा बारीक आणि कडक, तासाभरात मान धरते. मी खांद्यांवरून जाणारा हार्नेस वेगळा घेतला, वजन पाठीवर वाटलं जातं, चालताना दुर्बीण छातीवर आपटत नाही. हा खर्च दुर्बिणीच्याच बजेटमध्ये धरा. पुढच्या भिंगांची झाकणं सैल आहेत, एक कुठल्याशा पायवाटेवर पडलंच, आणि कंपनीला ते सुटं मागितलं तर तीन मेल करूनही उत्तर नाही. कडाक्याच्या थंडीत फोकसचं चाक जड होतं, हातमोजे घातले असतील तर जास्तच. आणि ६७० ग्रॅम हे वजन पहिल्या तासाला काहीच वाटत नाही, पण पाच-सहा तासांच्या चढाच्या ट्रेलवर जाणवतं, खोटं कशाला सांगू.

म्हणून आता आईसाठी ८×३२ बघतेय. उजेडाचा झोत बरोबर ४ मिलिमीटरचा, म्हणजे अगदी तिन्हीसांजेला थोडी कमी पडेल, पण आई सकाळीच येते आणि तिच्या मानेला ते हलकं वजन बरं. फक्त चष्म्यासकट पूर्ण चित्र दिसायला हवं, नाहीतर पुन्हा तेच काळं काळं. कुणी चष्मा लावून वापरली असेल तर नक्की सांगा, मला पुढच्या ट्रिपच्या आधी घ्यायचीये.