स्पॅनिश सीडरचा ह्युमिडॉर: आठ महिने वापरला, आणि राळेने छळलं

ह्युमिडॉर म्हणजे सिगार योग्य ओलीत ठेवायची पेटी. पाच महिने या पेटीबद्दल माझी एकही तक्रार नव्हती. मग एका संध्याकाळी सिगार उचलायला गेलो तर ती जागची हलेना. जरा जोर लावला आणि बाहेरचं पान टरकन फाटलं. खालच्या पट्टीवर लाकडातून पाझरलेल्या चिकट राळेचा मोहरीएवढा, मधाच्या रंगाचा थेंब होता. बोटाला लागला तो साबणानेही निघेना. झाकणाच्या आतल्या बाजूला असेच आणखी सहा-सात थेंब सापडले. चार सिगार वाया गेल्या. एकेक जपून ओढणाऱ्या माणसाला हा तोटा किती लागतो ते सांगायला नको.

पेटी ५० सिगारची, आतून भरीव स्पॅनिश सीडरची. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "हा लाकडाचा नैसर्गिक गुण आहे, वॉरंटीत बसत नाही." मी परत विचारलं की राळ सुटू नये म्हणून लाकूड भट्टीत नीट वाळवलं होतं का. पुन्हा तेच वाक्य. तिसऱ्यांदाही तेच. राळ सुटली याच्यापेक्षा या साध्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही याचा मला जास्त राग आहे.

त्या रागाच्या भरात मी स्पॅनिश सीडर कायमचं बाद करून महोगनीची पेटी घ्यायला निघालो होतो. बरं झालं थांबलो. हे लाकूड ना स्पेनचं, ना खरं सीडर. सेड्रेला ओडोराटा हे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं झाड, महोगनीच्या आणि आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं. त्यात तेल आणि राळ असते, म्हणूनच त्याला तो वास आहे. हवा दमट झाली की हे लाकूड ओल शोषतं, कोरडी झाली की सोडतं, आणि इतकं करूनही फारसं वाकत नाही. महोगनीही ओल छान धरते, राळेचा त्रासही तिच्यात कमी. पण वास अगदीच हलका. सीडरमध्ये काही महिने मुरलेल्या सिगारला जी मसालेदार छटा येते, ती महोगनीत येत नाही. मला तीच हवी आहे.

नुसतं 'सीडर' लिहिलेल्या पेट्यांपासून मात्र लांब राहा. कपाटात कसर लागू नये म्हणून ठेवतात ते लाल सीडर हे खरं तर जुनिपरच्या जातीचं झाड. त्याचा वास इतका उग्र की तंबाखूची चव पार झाकून टाकतो.

राळेवरचा उपाय शेवटी मीच केला. सगळ्या सिगार हवाबंद डब्यात हलवल्या. जाड थेंब प्लास्टिकच्या पट्टीने खरवडले, ॲसिटोनमध्ये बुडवलेल्या सुती फडक्याने डाग पुसले आणि बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला. खिडक्या उघड्या ठेवून, आसपास कुठे आग नाही ना हे पाहूनच हे काम करा. पेटी आठवडाभर उघडी ठेवली. ॲसिटोनचा वास पूर्ण गेल्यावर आतली आर्द्रता ८४ टक्क्यांवर ठेवणारी पाकिटं घालून दोन आठवडे बंद केली, कारण कोरडं लाकूड सिगारमधलीच ओल ओढून घेतं.

दीड महिन्याने झाकणाच्या एका कोपऱ्यात पुन्हा दोन थेंब! तेव्हा कुठे लक्षात आलं की दुपारचं ऊन तासभर नेमकं त्याच कोपऱ्यावर पडतं. उष्णतेने राळ पातळ होऊन वर येते. पेटी हलवली, ते दोन थेंब पुसले, आणि त्यानंतर आजतागायत एकही थेंब नाही. म्हणजे अर्धी चूक माझी होती, हे मान्य. पण वाळवलेल्या लाकडाबद्दलचा प्रश्न तसाच राहतो, आणि त्यासाठी मी विक्रेत्याला माफ करणार नाही.

जागा बदलल्याचा आणखी एक फायदा झाला. तंबाखूच्या किड्याची अंडी तापमान २५ अंशांच्या वर गेलं की लवकर फुटतात. सीडरच्या वासाने कीड लांब राहते असं म्हणतात, पण मी त्या भरवशावर राहत नाही. आता तापमान २० अंशांच्या आसपास असतं.

बाकी पेटी चोख. झाकण घट्ट बसतं, आर्द्रता ६८-६९ टक्क्यांवर टिकते. सोबत आलेला आर्द्रता मोजायचा काटा सहा टक्के जास्त दाखवत होता, तो मी मिठाने तपासला: मीठ जेमतेम ओलं करून काट्यासोबत बंद डब्यात एक दिवस ठेवायचं, काट्याने ७५ दाखवायला हवं.

नवी पेटी घेणार नाही, हीच वापरणार. पाचपैकी साडेतीन. विक्रेत्याने त्या प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं असतं तर चार दिले असते.