जड कॅमेऱ्यासाठी सॅक: सातपुड्यात आणि हतनूरच्या काठावर तिन्ही ऋतू वापरल्यानंतर

६०० मिलिमीटरपर्यंतची लेन्स घेऊन पायी फिरायचं असेल तर तयार कॅमेरा बॅगेच्या मागे लागू नका. पाठीच्या मापाची, कमरेला जाड पट्टा असलेली ट्रेकिंग सॅक घ्या आणि तिच्यात कॅमेरा क्यूब, म्हणजे आतून पॅड लावलेला कप्प्यांचा सुटा चौकोनी डबा बसवा. हिवाळ्यात हतनूर धरणाचं बॅकवॉटर, उन्हाळ्यात यावल आणि पालचं सागाचं जंगल, पावसाळ्यात तोरणमाळ आणि पाटणादेवी अशा खानदेशातल्या सगळ्या ठिकाणी ५० लिटरची सॅक आणि क्यूब ही जोडी वापरून हे मत पक्कं झालं आहे. त्यात कमतरताही आहेत, त्या पुढे येतीलच.

आधी वजनाचा हिशोब, कारण इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. सोनी ए७ फोर ही बॉडी, म्हणजे लेन्स न लावलेला कॅमेरा, ६५८ ग्रॅमची. २००-६०० मिलिमीटरची लेन्स, तिला ट्रायपॉडवर बसवायची कडी म्हणजे कॉलर न धरता, २११५ ग्रॅम. दुसरी तशीच बॉडी आणि तिच्यावर २४-१०५ लेन्स, म्हणजे आणखी सव्वा किलोच्या वर. एकूण चार किलोच्या थोडं वर. लोक इथेच थांबतात आणि चार किलोसाठी बॅग शोधतात. पण ट्रायपॉड आणि हेड मिळून अडीच-तीन किलो होतात. एप्रिल-मेमध्ये इकडे पारा ४४-४५ च्या घरात असतो, तेव्हा तीन लिटर पाणी लागतंच, म्हणजे तीन किलो. सॅक आणि क्यूबचं स्वतःचं वजन अडीच-पावणेतीन. बॅटऱ्या, बीनबॅग, डबा धरून किलोभर. पाठीवर तेरा किलोच्या वर जातं आणि त्यात कॅमेरा जेमतेम एक तृतीयांश. भरलेली सॅक आपल्या वजनाच्या एक पंचमांशाच्या आत ठेवावी असा ट्रेकिंगमधला ढोबळ नियम आहे. ६५ किलोच्या माणसाला तेरा किलो म्हणजे काठावरच पास.

तेरा किलो खांद्यांनी उचलायचे नसतात, कमरेने उचलायचे असतात. नीट बसलेला कमरपट्टा निम्म्याहून बराच जास्त भार कमरेच्या हाडावर घेतो आणि खांद्याचे पट्टे सॅक फक्त पाठीला धरून ठेवतात. तयार कॅमेरा बॅगा मार खातात त्या इथे. आतले कप्पे सुरेख असतात, खांद्याचे पट्टे गुबगुबीत असतात, पण कमरेला नुसती दोन बोटं रुंदीची नायलॉन पट्टी. ती बॅग हलू नये म्हणून असते, भार घेण्यासाठी नाही. शिवाय पाठीची लांबी बदलता येत नाही. चांगला पट्टा आणि फ्रेम असलेल्या कॅमेरा बॅगा आहेत, पण त्या फार महाग पडतात आणि आपल्या गावात हात लावून बघायला मिळत नाहीत.

म्हणून गिअरच्या आधी पाठ मोजा. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी एक मणका ठळक वर येतो, तिथे टेपचं एक टोक धरायला सांगा. दोन्ही हात कमरेच्या हाडावर ठेवा, अंगठे मागच्या बाजूला. दोन अंगठ्यांना जोडणारी आडवी रेषा कण्याला जिथे छेदते तिथपर्यंतचं अंतर म्हणजे पाठीची लांबी. मोठ्या माणसांत ती साधारण ४० ते ५२ सेंटिमीटर भरते. उंचीवरून अंदाज बांधू नका, पावणेसहा फुटी माणसाची पाठ आखूड आणि पाय लांब असू शकतात. सॅकच्या मागचा पट्टा वर-खाली सरकवून हे माप जुळवता आलं पाहिजे. घेताना ही एक गोष्ट अजिबात सोडू नये.

पट्टे आवळण्याचा क्रम उलटा झाला तर उत्तम सॅकही खांदे दुखवते. आधी सगळे पट्टे सैल करा. सॅक जमिनीवरून थेट खांद्यावर झोकू नका. गुडघा वाकवून आधी मांडीवर घ्या, एक हात पट्ट्यात घाला, मग वळून दुसरा. आता खांदे थोडे वर उचला आणि कमरपट्टा असा लावा की पॅडचा मध्य कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर येईल. बक्कल आधी घट्ट, मगच खांदे सोडा. त्यानंतर खांद्याचे पट्टे ओढा, पण पाठीला टेकण्यापुरतेच. मग खांद्याच्या वरून सॅकच्या डोक्याकडे जाणारे लोड लिफ्टर नावाचे छोटे पट्टे. ते साधारण ४५ अंशांत असावेत आणि हलकेच ताणावेत. छातीचा पट्टा सगळ्यात शेवटी, श्वास अडणार नाही इतका. एवढं झालं की खांद्याचे पट्टे पुन्हा जरासे सैल करा. खांद्याच्या माथ्यावर पट्ट्याखाली सपाट तळवा सरकला तर भार कमरेवर गेला असं समजा.

पट्टा खाली बसला तर मांडी उचलताना घासतो, वर बसला तर पोट दाबतं आणि चढावर दम लवकर लागतो. चालताना बोटांना मुंग्या येत असतील तर खांद्याचा पट्टा काखेकडच्या नसा दाबतोय. अशा वेळी पॅड वाढवून उपयोग नसतो, लांबीचं माप किंवा कमरपट्टा तपासा. एका खांद्यावरच्या स्लिंग बॅगेत दोन-तीन किलोची लेन्स घेऊन दिवसभर फिरणाऱ्यांची मान एका बाजूला आखडते. तासाभराच्या कामाला ती ठीक, जंगलाला नाही.

क्यूब घेताना बाहेरचं नाही, आतलं माप बघा. २००-६०० ही लेन्स ३१८ मिलिमीटर लांब आहे आणि झूम केल्यावर लांबी वाढत नाही. बॉडी लावूनच ठेवायची असेल तर आतली लांबी ४२ सेंटिमीटर तरी हवी. निकॉनची २००-५०० ही २६७.५ मिलिमीटरची, तिला बॉडीसकट ३८ पुरतात, पण वजन कॉलरसह २३०० ग्रॅम आहे. हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरचं नळकांडं, उलटा चढवला की घेर वाढतो आणि कॉलरचा पाय आणखी जागा खातो, म्हणून खोली सोळा-सतरा सेंटिमीटरच्या खाली नको. पाय बाजूला फिरवून ठेवला तर पाठीत टोचत नाही. क्यूब सॅकमध्ये मधोमध आणि पाठीला चिकटून बसला पाहिजे. तळाशी रेनकोट किंवा चादरीची घडी घालून तो वर उचला, कारण सगळ्यात जड वस्तू खांद्याच्या पात्यांच्या थोडी खाली आली की तोल उत्तम राहतो. क्यूब आणि पाठ यांच्यात चार बोटं जरी अंतर पडलं तरी सॅक मागे ओढते, मग माणूस पुढे झुकतो आणि कंबर धरते.

त्यामुळेच पाठीपासून ताणलेली जाळी असलेल्या सॅकबद्दल सावध राहा. जाळीमुळे हवा खेळते, घाम कमी येतो, उन्हाळ्यात मोह होतो. पण तिची फ्रेम धनुष्यासारखी वाकलेली असते, सॅकची पाठीकडची बाजू आत फुगून येते आणि चौकोनी क्यूब त्यात सरळ बसतच नाही. शिवाय भार पाठीपासून दूर जातो. फोमचे उंच उंच पट्टे आणि मधे उभी खाच असलेली पाठ घ्या. शर्ट भिजतो, हे मान्य करावं लागतं. मेमध्ये रावेरच्या बाजूला काहीही घातलं तरी भिजतोच.

जाळीचा दुसरा त्रास पावसाळा संपल्यावर कळतो. लळिंगच्या कुरणात किंवा कुठल्याही माळावर आश्विनपासून गवताची कुसळं तयार होतात आणि जाळीत अशी रुततात की नंतर शर्टातून थेट पाठीत टोचतात. झटकून निघत नाहीत, चिमट्याने एकेक उपटावी लागतात. गुळगुळीत कापडाला हा त्रास जवळजवळ नाही. सॅक थेट गवतावर न ठेवता खाली गोणी टाकावी. सरकी-ढेपेची रिकामी गोणी उत्तम, पण युरियाची नको. युरिया हवेतला ओलावा ओढतो आणि त्याचे कण सॅकच्या कापडाला, तिथून कॅमेऱ्याला लागतात.

पाठीकडून उघडणाऱ्या कॅमेरा बॅगांची एक गोष्ट मात्र खरंच चांगली आहे. समोरची बाजू चिखलात टेकते आणि पाठीला लागणारी बाजू चिखलापासून कोरडी, स्वच्छ राहते. चांगदेवजवळ तापी-पूर्णेच्या संगमाकडच्या काळ्या गाळात ही सोय फार जाणवते. कमरपट्टा मजबूत असेल तर अशी बॅग खांद्यावरून काढून कमरेभोवती पुढे फिरवता येते आणि उभ्याउभ्या लेन्स काढता येते. ट्रेकिंग सॅकमध्ये हे जमत नाही, म्हणून समोरून पूर्ण उघडणारी चेन असलेलीच सॅक निवडा. नुसती वरून तोंड असलेली घेतली तर प्रत्येक वेळी सगळं उपसावं लागेल.

तरीही पक्षी दिसल्यावर सॅक उघडून फोटो मिळत नाही, हे गृहीत धरा. रानपिंगळा, ज्याचा १९९७ साली शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा शोध लागला तेव्हा शतकभराहून जास्त काळ त्याची खात्रीलायक नोंद नव्हती, तो दिवसाही हिंडणारा पिंगळा आहे. वाळलेल्या सागाच्या पानांवरून चालताना आपण त्याला पाहण्याआधीच तो आपल्याला पाहतो. मोठी लेन्स गळ्यातल्या आडव्या पट्ट्यावर हवी आणि पट्टा कॉलरच्या पायाला लावलेला हवा, बॉडीला नाही. नाहीतर दोन किलोचा भार माउंटवर, म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या जोडावर येतो. सॅकला वेल्क्रो जितका कमी तितकं बरं. शांत जंगलात वेल्क्रो ओढल्याचा आवाज लांबवर जातो. लोंबणारी पट्ट्यांची टोकं गुंडाळून रबर लावा, ती फडफडतात.

ट्रायपॉड एका बाजूला, पाण्याच्या दोन बाटल्या दुसऱ्या बाजूला. पाणी संपत गेलं की तोल ट्रायपॉडकडे झुकतो, म्हणून आधी त्याच्या बाजूच्या कप्प्यात ठेवलेली जादाची बाटली संपवा. नळीची पाणपिशवी क्यूबच्या कप्प्यात कधीही नको, तोटी गळली तर बघायला नको. कळण्याची भाकरी आणि ठेच्याचा डबाही वरच्या वेगळ्या कप्प्यातच. ठेच्याचं तेल झिरपलं की पॅडच्या कापडातून जात नाही.

मोटारसायकलवर सॅक पाठीला लावून बसल्यावर तळ सीटवर टेकतो. खांद्यांना आराम मिळतो, पण रस्त्याचा प्रत्येक हादरा लेन्सला पोचतो. तळाशी दोन सेंटिमीटर जाड फोमचा जादा तुकडा घाला आणि पोचल्यावर कॉलरचा आणि प्लेटचा स्क्रू हाताने तपासा, तो सैल झालेला असतो. एसटीत सॅक मांडीवर किंवा पायांमध्ये. वरच्या फळीवर नाही.

रंग राखाडी किंवा मातकट घ्या. काळी सॅक उन्हात हात लावू देत नाही. बंद गाडीत तर कुठलीच ठेवू नका; उष्णतेने क्यूबमधल्या पार्टिशनच्या टोकांचा गोंद सुटतो आणि वेल्क्रो उखडतो. तसं झालंच तर गोंद लावत बसू नका, बॅग शिवणाऱ्याकडून कडेने टीप मारून घ्या, ती टिकते.

धुळीने सगळ्यात आधी चेन जाते. दात शाबूत असतात, धुळीने घासून रनरचा जबडा रुंद होतो आणि चेन मागून उघडते. पकडीने रनरच्या दोन्ही कडा अगदी हलक्या दाबल्या की काम होतं. जोर केला तर तो तुटतो. दर फेरीनंतर कोरडा टूथब्रश, अधूनमधून साधं पाणी, पूर्ण वाळल्यावर मेणबत्ती घासा. तेल लावू नका, धूळ चिकटून लगदा होतो. पट्ट्यांवर घामाचे पांढरे थर दिसले की गार पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवा आणि सावलीत वाळवा. उन्हात नायलॉन अशक्त होतो.

तोरणमाळच्या धुक्यात आणि पावसात सॅकचं कव्हर अर्धंच काम करतं, कारण पाठीच्या बाजूने पाणी आत शिरतं. क्यूब ड्राय बॅगेत घालून मगच सॅकमध्ये ठेवा. कव्हर वाऱ्याने उडतं, त्याची दोरी पट्ट्याला बांधा. पावसाळाभर घडी करून ठेवलेल्या कव्हरचा आतला लेप चिकट होऊन सुटायला लागतो, म्हणून ते उलगडून टांगून ठेवलेलं बरं.

खरेदी ऑनलाइनच होणार असेल तर लेबल न काढता घरीच परीक्षा घ्या. तांदळाच्या पाच-पाच किलोच्या दोन पिशव्या चादरीत गुंडाळून क्यूबच्या जागी ठेवा, बाजूला पाण्याच्या बाटल्या लावा, पाऊण तास जिना चढा-उतरा. खांद्यावर लाल वळ उठले किंवा पट्टा घसरत राहिला तर मुदतीत परत पाठवा, वापरून सवय होईल या आशेवर ठेवू नका. ज्यांचं सगळं गिअर पाच किलोच्या आत आहे किंवा जे गाडीतून उतरून शंभर पावलांत बसतात, त्यांना मात्र पाठीकडून उघडणारी छोटी कॅमेरा बॅगच सोयीची पडेल.