नववी-दहावीच्या मुलांसाठी दोन दिवसांचं वादविवाद शिबिर: साडेतीन तारे

निरोपाच्या वेळी पालकांच्या हातात अभिप्रायाचा फॉर्म दिला. पहिलाच प्रश्न: 'शिबिरामुळे आपल्या पाल्याचा आत्मविश्वास किती वाढला? थोडा / बराच / खूप.' वाढलाच, हे छापणाऱ्यानंच ठरवून टाकलेलं. दोन दिवस जे शिकवलं तेच हे! मी एकाही चौकोनात खूण केली नाही, म्हणून इथं लिहितोय.

मी कोर्टात 31 वर्षं स्टेनो होतो. नातीला सोडायला गेलो आणि मागच्या खुर्चीत बसूनच राहिलो. फी 1,500 रुपये, वेळ 10 ते 5, चहा-जेवण त्यातच. मुलं 22.

पहिल्या दिवशीच पैसे वसूल झाले. विषय होता पोटात विधान लपवलेले प्रश्न. शिकवणाऱ्या मॅडमनी व्याख्या लिहून दिली नाही, फळ्यावर फक्त दोन ओळी लिहिल्या. 'तू नखं खातेस का?' आणि 'तू अजून नखं खातेस का?' दुसरीला हो म्हणा की नाही म्हणा, आधी खात होतीस हे पदरात पडलंच. मग 'परत', 'सुद्धा', 'निदान' असे शब्द घेतले. 'निदान आज तरी वेळेवर येशील का?' यात आजवरच्या सगळ्या उशिरांचा हिशेब आहे, हे कळल्यावर पोरं खदखदून हसली. 1974 चा लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोगही सांगितला. गाड्यांच्या अपघातांच्या त्याच फिल्म्स बघितलेल्यांना वेग विचारताना एका गटाला 'धडाडून आदळल्या तेव्हा' म्हटलं, दुसऱ्याला नुसतं 'एकमेकींना लागल्या तेव्हा'. पहिल्यांचा अंदाज सरासरी ताशी 40 मैलांहून थोडा जास्त, दुसऱ्यांचा 32 च्या आसपास.

मला तेव्हा उठून एक सांगावंसं वाटत होतं. आमच्याकडे साक्ष प्रश्नोत्तरं म्हणून क्वचितच उतरवतात, साक्षीदाराच्या तोंडचं सलग निवेदन करतात. वकील विचारतो, 'भांडण झाल्यावर तुम्ही कुठं गेलात?' साक्षीदार बापडा म्हणतो, 'कुठं नाही.' कागदावर उमटतं: 'भांडण झाल्यावर मी कुठेही गेलो नाही.' झालं! जे भांडण तो सकाळपासून नाकारतोय ते त्याच्याच तोंडून नोंदलं गेलं. समोरचा वकील जागा असला तर त्याच क्षणी हरकत घेतो. नसला तर बोटं आमचीच चालायची.

दुसरा दिवस मॅडमच्या सहायकाकडे होता आणि तिथं घसरगुंडी झाली. त्यांनी 'सूचक प्रश्न' आणि हा पोटात विधान लपवलेला प्रश्न एकच म्हणून शिकवला. एक नाही. सूचक प्रश्नात हवं ते उत्तर सुचवलेलं असतं: 'तुम्ही तेव्हा दारातच उभे होता ना?' याला नाही म्हटलं की विषय संपला. 1872 च्या पुरावा कायद्यात कलम 141 ते 143 यासाठीच होती. 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते सगळं कलम 146 मध्ये आहे. सरतपासात, म्हणजे वकील आपल्याच साक्षीदाराला विचारतो तेव्हा, असा प्रश्न सहसा चालत नाही; उलटतपासात, म्हणजे समोरच्या बाजूचा वकील विचारतो तेव्हा, चालतो. आपल्या भांडणवाल्या प्रश्नाला मात्र नाही म्हणूनही सुटका नाही.

तोडगा तर अगदीच अर्धवट दिला. 'प्रश्नच चुकीचा आहे म्हणा आणि पुढे जा.' शेवटच्या स्पर्धेत शाळेत मोबाइलबंदीवर वाद होता. समोरच्या मुलीनं विचारलं, 'मोबाइलमुळे घसरलेले मार्क तुम्ही कसे भरून काढणार?' आमच्या बाईसाहेब, म्हणजे नात, शिकवल्याप्रमाणे 'प्रश्नच चुकीचा आहे' म्हणून पुढे गेल्या. परीक्षकांनी 'उत्तर टाळलं' म्हणून गुण कापले, आणि माझ्या मते बरोबर कापले. परतीच्या एसटीत ती रडवेली होऊन म्हणाली, "आबा, मग काय म्हणायचं होतं?" मी म्हटलं, लपलेलं विधान आधी ओढून बाहेर काढ. 'मार्क घसरलेत असं तुम्ही धरून चालला आहात. कुणाचे, किती, आणि मोबाइलमुळेच कशावरून? ते दाखवा, मग उपाय सांगते.' म्हणजे सिद्ध करायचं ओझं त्यांच्या डोक्यावर जातं. हे एवढं वाक्य शिकवायला सहायकांना 10 मिनिटं पुरली असती.

मॅडम दोन्ही दिवस असतील तर डोळे झाकून पाठवा, फोनवर आधी तेवढं विचारून घ्या. हॉलचा पंखा खडखडतो, पुढं बसवा. जेवण ठीक. दुसऱ्या दिवशीची मटकीची उसळ पहिल्या दिवशीचीच होती असा माझा संशय आहे, पण सिद्ध करू शकत नाही.