डीपीटीच्या ‘प्रीरेक’चं पॅकेज विकणाऱ्यांपासून सावध

अमेरिकेत फिजिकल थेरपिस्ट व्हायचं तर डीपीटी (डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी) ही पदवी करावी लागते, साधारण ३ वर्षांची. तिच्या प्रवेशासाठी सहसा आधीची एक पदवी हवीच, शिवाय विज्ञानाचे ठरावीक विषय क्रेडिट आणि ग्रेडसकट दाखवावे लागतात. अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स यांची सहसा दोन-दोन सत्रं, तीही लॅबसह. वर स्टॅटिस्टिक्स आणि सायकॉलॉजी. इथे याला सगळे ‘प्रीरेक’ म्हणतात. माझं बी.एस्सी. पुण्याचं, झूऑलॉजीतलं आणि जुनं. डीपीटी शिकवणाऱ्या बऱ्याच शाळांना हे विषय गेल्या ५ ते १० वर्षांत केलेले लागतात, म्हणजे माझी पाटी कोरीच. त्यात न्यू जर्सीत मी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या कामाच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर. सरकारी शैक्षणिक कर्ज मिळत नाही आणि घरात पगार एकच.

हे सगळे प्रीरेक पॅकेजमध्ये करून देतो म्हणणारा एक ‘सल्लागार’ मला मंडळाच्या गणपतीत भेटला. बोलायला गोड, डीपीटीची सगळी माहिती तोंडपाठ. “ताई, एकाच कॉलेजात करत बसलात तर वर्षं जातील. मी तुमचे विषय तीन ठिकाणी वाटून देतो. फी मीच एकत्र भरतो, सवलत मिळते. आणि एखाद्यात ग्रेड घसरली, तर ती ट्रान्सक्रिप्ट पाठवायचीच नाही. कोण विचारतंय?”

कुणाच्या तोंडून हे शेवटचं ऐकलंत तर तिथूनच उठा. बहुतेक डीपीटी शाळांचे अर्ज पीटीकॅस या एकाच सेवेतून जातात. तिथे तुम्ही शिकलेल्या प्रत्येक अमेरिकी कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे अधिकृत गुणपत्रक, द्यावी लागते, मग तिथे उन्हाळ्यात एकच विषय केलेला का असेना. विषय पुन्हा केला तर दोन्ही वेळच्या ग्रेड सरासरीत धरतात. लपवालपवीला जागाच नाही.

वेगवेगळ्या कॉलेजांत विषय करणं मात्र गैर नाही. नोकरी, मुलं सांभाळून शिकणारे कितीतरी जण तेच करतात. अशा माणसांचं फावतं ते यामुळे की तुमच्या विषयांची पूर्ण यादी एकाही कॉलेजच्या अ‍ॅडव्हायझरसमोर येत नाही. ती फक्त मधल्या माणसाकडे असते.

केमिस्ट्री त्या सल्लागाराने खरोखरच्या काउंटी कॉलेजात (इथलं स्थानिक सरकारी कॉलेज) लावून दिली. लॅब होती, ग्रेड आली, माझा विश्वास पक्का झाला. मग अ‍ॅनाटॉमी. कॉलेज खरं, वर्ग खरे, शिकवणाऱ्या बाई तर उत्तम. सत्र संपल्यावर सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र हातात आलं. ट्रान्सक्रिप्ट मागायला रजिस्ट्रारकडे गेले तेव्हा खिडकीतल्या मुलीने दोनदा तपासलं आणि सांगितलं, की तुमच्या नावावर या विषयाचं क्रेडिटच नाही. काउंटी कॉलेजांत दोन दारं असतात, हे मला तिथे कळलं. एक पदवीच्या क्रेडिटचं, दुसरं ‘कंटिन्युइंग एज्युकेशन’चं, जिथे बरेचसे कोर्स विनाक्रेडिट असतात. नाव तेच अ‍ॅनाटॉमी, पण प्रवेशासाठी उपयोग शून्य. कोर्सच्या नोंदीत ३ किंवा ४ क्रेडिट लिहिलेत का, हे बघितलं की दोन मिनिटांत उलगडा होतो. फीच्या खिडकीवर चौकशी केली तर त्या कोर्सची खरी फी मी त्याला दिलेल्या रकमेच्या जवळपासही नव्हती.

फिजिक्सचं ‘विद्यापीठ’ तर वेबसाइटवरच होतं. लॅब म्हणजे व्हिडिओ आणि खाली चार पर्याय. मान्यता देणारी संस्था भारदस्त नावाची. पण अमेरिकी शिक्षण खात्याच्या यादीत ना ते विद्यापीठ, ना ती संस्था. मान्यता देणाऱ्या संस्थांना पारखणाऱ्या ‘चीआ’ या संस्थेच्या यादीतही नाही. दोन्ही याद्या इंटरनेटवर फुकट बघता येतात.

त्याला फोन केला. “अहो ताई, ते शाळेशाळेवर असतं. काही शाळा घेतात.” कोणती शाळा, ते सांगेना. मग मेसेज वाचायचा आणि गप्प बसायचा. मंडळातल्या एकांनी मला समजावलं, “जाऊ दे गं, आपल्याच माणसाविरुद्ध कुठे बोभाटा करतेस!” आपल्याच माणसाने लुबाडलं की शांत राहायचं, हा नियम कुणी केला कोण जाणे.

पैसे ‘झेल’ (Zelle) या बँकेतून थेट पैसे पाठवायच्या सेवेने गेले होते, त्याच्या वैयक्तिक खात्यावर. पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत म्हणून बँकेने हात वर केले. तेच क्रेडिट कार्डाने थेट कॉलेजला भरले असते तर निदान तक्रार लावता आली असती. राज्याच्या ग्राहक विभागाकडे आणि फेडरल ट्रेड कमिशनकडे अर्ज केलेत.

नाशिकहून बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) करून आलेल्या एका मैत्रिणीलाही तो हेच पॅकेज गळ्यात मारत होता. तिचा रस्ताच वेगळा: आधी पदवीचं मूल्यमापन, त्यात काही कमी निघालं तर तेवढेच विषय, मग परवान्यासाठीची एनपीटीई परीक्षा. ती वाचली.

मी आता कोर्सचा क्रमांक आणि सिलॅबस जोडून प्रत्येक डीपीटी शाळेला आधी ईमेल करते आणि आलेलं उत्तर जपून ठेवते. एका शाळेला ऑनलाइन लॅब चालते, दुसरीला अजिबात नाही. दोघींनी तसं लेखी कळवलंय. अ‍ॅनाटॉमी पुन्हा सुरू केली आहे, यावेळी क्रेडिटच्या दाराने. त्या गृहस्थाची जाहिरात नव्या नावाने फिरते आहे, आणि आता पॅकेजवर सायकॉलॉजी मोफत आहे.