टीव्हीला हात न लावता शिकवलेले टीव्हीचे ॲप

मोबाइल आणि टीव्ही अशा दोन्ही पडद्यांसाठी व्हिडिओचे ॲप तयार करायला शिकवणाऱ्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे संपूर्ण शुल्क मी पहिल्याच दिवशी भरले. पुढे जे उघडकीस आले, त्यातले बहुतेक दोन-तीन प्रश्न विचारून आधीच कळले असते, म्हणून हे लिहीत आहे.

मोबाइलचा भाग वरवर ठीक वाटला. व्हिडिओ सुरू झाला की आम्ही खूश. मात्र आम्हाला शिकवला जात होता तो एक्सोप्लेअरचा, म्हणजे ॲपमध्ये व्हिडिओ चालवणाऱ्या तयार कोडचा, जुना, स्वतंत्र संच. त्याची देखभाल २०२४ मध्येच थांबली असून तो प्लेअर आता मीडिया३ या संचाचा भाग आहे. ॲप लिहिण्याचे साधन असलेला अँड्रॉइड स्टुडिओ जुन्या संचातल्या प्रत्येक नावावर आडवी रेघ मारून तेच सांगत होता, पण विचारले तर ‘तिकडे लक्ष देऊ नका’ एवढेच उत्तर मिळे. सरावासाठी एकच एमपी४ फाइल होती. इंटरनेटचा वेग घटला की आपोआप कमी दर्जाच्या चित्रावर जाणारे एचएलएस किंवा डॅश प्रवाह, म्हणजे या कामाचा कणाच, अभ्यासक्रमात नव्हते.

टीव्हीच्या भागात तर टीव्ही कधी दिसलाच नाही. संगणकावर टीव्हीची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरमध्ये शिक्षक माउसने चौकटींवर क्लिक करत आणि सगळे सुरळीत चालल्याचे दाखवत. प्रत्यक्षात टीव्हीसमोर बसलेल्या माणसाच्या हाती मुख्यतः रिमोटची चार दिशांची बटणे आणि मधले एक बटण असते. त्यामुळे या क्षणी कोणती चौकट निवडलेली आहे आणि उजवे बटण दाबल्यावर निवड कुठे जाईल, यावर सगळे ॲप उभे असते. यालाच फोकस म्हणतात, आणि तो शब्द या भागाच्या सहा तासांत एकदाही उच्चारला गेला नाही. मी ॲप खऱ्या टीव्हीवर घातले, तेव्हा निवड पहिल्या ओळीतच अडकली. मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये, टचस्क्रीन अनिवार्य नसल्याचे नोंदवावे लागते, ॲप टीव्हीच्या मुख्य पडद्यावर दिसावे म्हणून लीनबॅक लाँचर लिहावा लागतो, ३२० बाय १८० पिक्सेलचा बॅनर द्यावा लागतो, हे मला अधिकृत मार्गदर्शिकेतून, अर्थात फुकट, समजले.

त्याच शोधात, ‘आमच्या संस्थेने विकसित केलेला’ म्हणून आम्हाला दिलेला प्रकल्पही मूळ रूपात सापडला. तो कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येणारा नमुना होता. रंग आणि नावे बदलली होती, पण एका फाइलच्या माथ्यावरचा अपाची या मुक्त वापराच्या परवान्याचा मजकूर पुसायचा राहून गेला होता.

खरा फटका मात्र प्रकाशनाच्या वेळी बसला. ‘स्वतःचे खाते काढण्याची कटकट कशाला’ म्हणून संस्थेच्या लोकांनी माझे मोबाइलचे ॲप आपल्या डेव्हलपर खात्यावरून प्ले स्टोअरवर टाकले, आणि मला ते उपकारच वाटले. वास्तविक ॲप ज्या खात्यावर असेल त्याच खात्यावरून त्याची सुधारित आवृत्ती देता येते, आणि ते दुसऱ्या खात्यात हलवायचे तर मूळ खातेधारकालाच तशी विनंती करावी लागते. त्या विनंतीसाठी त्यांनी वेगळे शुल्क मागितले. मी नकार दिला, आणि तेच पॅकेज नाव, म्हणजे स्टोअरवरची ॲपची एकमेव ओळख, पुन्हा वापरता येत नसल्यामुळे नव्या नावाने, स्वतःच्या खात्यावर, पहिल्यापासून बांधणी सुरू केली. जुने ॲप अजून तिथेच आहे. त्याखाली वापरणाऱ्यांच्या तक्रारी येतात, त्या मी वाचू शकतो, पण उत्तर देण्याचा अधिकार माझ्याकडे नाही.