वॉर्सा उठाव संग्रहालय : टूरवाल्याबरोबर नको, स्वतः जा

मी कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला कापडाच्या पेढीवर हिशेब लिहिते. आमचं हे गांधीनगर वसलं ते वळिवड्याच्या छावणीच्या जागेवर. १९४३ ते १९४८ या काळात तिथं सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. आमचे आजोबा सायकलवरून छावणीत भाजी घालायचे. त्यामुळं मुलगा नोकरीसाठी वॉर्साला गेला तेव्हाच मी ठरवलं होतं, तिथं गेल्यावर आधी हे बघायचं.

पहिल्यांदा एका टूरवाल्याकडून गेलो, ती चूक झाली. तासाभरात सगळं उरकून त्यानं आम्हाला बाहेर काढलं. दोन दिवसांनी मुलगा आणि मी परत गेलो. रोंदो दाशिंस्किएगो मेट्रो स्टेशनपासून चालत जाता येतं. जुन्या ट्राम वीजघराच्या विटांच्या इमारतीत २००४ साली हे संग्रहालय उघडलं.

आत शिरलं की धडधड ऐकू येते. सगळे मजले भेदून वर गेलेली एक पोलादी भिंत आहे, आवाज तिच्यातून येतो. भिंतीवर गोळ्यांची भोकं आहेत. एका भोकाला कान लावला तर आतून माणसांचे आवाज आले. भाषा कळत नव्हती, तरी कान काढवेना. भिंतींवर जागोजागी कॅलेंडरची पानं लावली आहेत, उठावाच्या एकेका दिवसाचं एकेक. वॉर्सा बळकावून बसलेल्या जर्मनांविरुद्ध पोलिशांनी केलेला हा उठाव. १ ऑगस्ट १९४४ ला संध्याकाळी पाच वाजता सुरुवात झाली आणि २ ऑक्टोबरला शरणागती, म्हणजे ६३ दिवस. आपण पान फाडून घ्यायचं. मुलगा सगळी गोळा करत होता. मी एकच घेतलं, १८ सप्टेंबरचं.

ते का, हे लिबरेटर या बॉम्बफेकी विमानापाशी कळतं. खऱ्या मापाचं विमान उभं केलंय. सोव्हिएतचं लाल सैन्य शहरात शिरायच्या आत पोलिशांना आपली राजधानी आपल्या हातानं सोडवायची होती. ते सैन्य व्हिस्तुला नदीच्या पलीकडं येऊन थांबलं. इटलीतून मदत घेऊन येणाऱ्या विमानांना उतरायला स्टालिननं सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आपले विमानतळ दिले नाहीत. १८ तारखेला अमेरिकेची शंभरावर विमानं आली, पण तोवर शहराचा बराच भाग जर्मनांनी परत घेतला होता. वरून टाकलेल्या बहुतेक पेट्या त्यांच्याच हातात पडल्या. दोस्त म्हणवणारे देश आणि मधे एक नदी. माझा जीव तिथं फार तुटला.

लढणाऱ्यांच्या दंडावरच्या पांढऱ्या-लाल पट्ट्या बघायला विसरू नका. पुष्कळांच्या अंगावर जर्मनांकडून हिसकावलेले कपडे होते, आपला माणूस ओळखायचा तो त्या पट्टीवरून. आणि जहाजाच्या नांगराचं चिन्ह. 'पी' आणि 'डब्ल्यू' ही दोन अक्षरं जोडून केलेलं, अर्थ 'लढणारा पोलंड'. ते काढलं आन्ना स्मोलेन्स्का या विद्यार्थिनीनं, १९४२ मध्ये. पुढच्याच वर्षी ती आउशविट्झच्या छळछावणीत वारली. पोरं रात्री जीव मुठीत धरून भिंतींवर हा नांगर रंगवायची.

भुयारी गटाराची प्रतिकृती आहे, मुलांना आवडेल. उद्ध्वस्त वॉर्सावरून विमानानं फिरवून आणणारी छोटी त्रिमित फिल्म मात्र चुकवू नका. एवढं मोठं शहर, आणि खाली नुसते विटांचे ढिगारे. बाहेरच्या बागेतल्या भिंतीवर पडलेल्या लढवय्यांची दहा हजारांहून जास्त नावं आहेत.

तिथं उभी असताना मला छावणीतली माणसं आठवत होती. त्यांतली बहुतेक पूर्व पोलंडची. १९४० पासून सोव्हिएतनी त्यांना घरांतून उचलून सायबेरियाकडं नेलं होतं; तिथून सुटलेली ही माणसं पुढं वळिवड्यात आली. युद्ध जिंकल्यावर त्यांची गावंच सोव्हिएत संघात गेली. ५ जुलै १९४५ ला ब्रिटन-अमेरिकेनं लंडनमध्ये आश्रयाला असलेल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. म्हणजे वळिवड्यात बसलेल्या त्या बायका-पोरांना परतायला गाव नाही आणि त्यांच्या वतीनं बोलायला सरकारही नाही. आजोबा सांगायचे, युद्ध संपलं तरी ती माणसं जाईनात. त्याचं कारण मला इथं येऊन उमगलं.

पाचपैकी पाच तारे. मंगळवारी बंद असतं, तीन तास हातात ठेवा, जेवून जा. आणि कोल्हापूरकरांनो, तिथून पुढं मोंते कासिनोच्या (इटलीत पोलिश सैनिक लढले त्या लढाईच्या) स्मारकापाशी जा. त्याच्या शेजारीच वळिवडे-कोल्हापूर छावणीची स्मृतिशिळा आहे, २०१७ मध्ये बसवलेली. तिथले लोक स्मारकापुढं काचेच्या भांड्यातली मेणबत्ती लावतात. आम्हीही एक लावली, आजोबांच्या नावानं.